नावेचं इंजिन आणि तीन कान

गेल्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, मागे कसला आवाज येतोय?" मी म्हटलं, नावेच्या इंजिनाचा. तुम्ही दोघं हसलात. इंदूरला समुद्र नाही एवढा भूगोल तुम्हाला तिकडेही शिकवतात. तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण आजोबा शेजारीच बसले होते. आता लिहिते.

मंडलेश्वरला नर्मदेच्या घाटावर आपल्या ओळखीचे एक नाववाले आहेत. पैलतीरावरची माणसं बाजाराला इकडे आणायची आणि संध्याकाळी परत सोडायची, यावर त्यांचं घर चालतं. त्यांचं डिझेल इंजिन थकलं होतं, धूर फार टाकायचं. तिथल्या तिथे कुणीतरी दुरुस्त करून दिलंही असतं. पण त्या दिवशी नावेत आजोबा बसले होते. आजोबा सरकारी खात्यातले निवृत्त इंजिनिअर, पूल बांधलेले. ज्याला नदीवरून जाता येतं त्याला नदीतूनही जाता येतं, असं त्यांचं मत. "इंदूरला पाठवा, नवं करून देतो," ते म्हणाले. नाववाल्यांनी हात जोडले. "बाबूजी, बस नर्मदा जयंती से पहले दे देना. नहीं तो घाट पर मेरी जगह दूसरी नाव लग जाएगी."

इंजिन आपल्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर येऊन बसलं. सामान सियागंजच्या बाजारातून आलं. मानपूरला हायवेवर ट्रक दुरुस्त करणारे उस्ताद आले, आणि पिस्टनपासून बेअरिंगपर्यंत सगळं नवं बसलं. अशा इंजिनाला थंड राहायला नदीचं पाणी लागतं. आपल्याकडे नदी म्हणजे माझं पाण्याचं पिंप. जयंती जवळ आली होती, पण काम वेळेत होतं.

मग पूजा. पूजेशिवाय इंदूरमध्ये मिक्सरसुद्धा सुरू होत नाही. हळदकुंकू झालं, हार झाला. नारळ पायरीवर फोडा, असं मी सुचवलं. आजोबा म्हणाले, "यंत्राचा नारळ यंत्रावरच फुटला पाहिजे," आणि इंजिनाच्या मागच्या लोखंडी कडेवर त्यांनी तो जोरात आपटला. सगळ्यांनी नमस्कार केला. उस्तादांनी हँडल फिरवलं. इंजिन धडधडत सुरू झालं आणि आतून आवाज आला. खट्. थोडा वेळ काही नाही. मग खडखडखड, डब्यात गोट्या घालून हलवावा तसा. मग पुन्हा गप्प.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. तिची पद्धत अशी: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. उस्तादांनी डोळे मिटून सांगितलं, "गजन पिन है बाबूजी, लिख के ले लो." गजन पिन म्हणजे पिस्टन अडकवायची खीळ. आजोबा डोळे मिटून म्हणाले, बेअरिंग. शेजारचे महूहून निवृत्त झालेले मेजरसाहेब पोह्यांची बशी हातात घेऊन आले. रणगाडे ऐकलेला माणूस, त्यामुळे त्यांना स्क्रू-ड्रायव्हरची गरज नव्हती. "टायमिंग," त्यांनी लांबूनच निकाल दिला.

तिघेही ऐकत होते ते इंजिनाच्या पुढच्या भागाला, कारण नवं सामान तिथे होतं. मागचा भाग कुणी उघडलाच नव्हता, म्हणून तो निर्दोष. सरकारी चौकशीही साधारण अशीच चालते.

"आवाजाला ताल नाही," मी म्हटलं. "बेअरिंगचा असता तर दर फेरीला वाजला असता ना?"

"तू इंग्रजी शिकवायचीस," आजोबा म्हणाले.

रोज इंजिन थोडं उघडलं जाई, बंद होई, आणि खडखडे. एका सकाळी नाववाल्यांचा फोन मी घेतला. घाटावर दुसरी नाव येऊन उभी राहिली होती आणि तिचा मालक जागेसाठी बोलणी करत होता. त्यांचा आवाज रडवेला नव्हता, नुसता हळू झाला होता. मी फोन आजोबांना दिला. "काम सायंटिफिक पद्धतीने चालू आहे," आजोबांनी त्यांना चक्क मराठीत सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं की उद्या इंजिन पूर्ण खोलायचं आणि क्रँक काढून लेथवर पाठवायचा. म्हणजे जयंती गेली, जागाही गेली.

शेवटचं म्हणून त्यांनी ते एकदा बराच वेळ चालवलं. मी चहा घेऊन गेले आणि पायरीवरच थांबले. अंगणात भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता.

"क्लच जळतोय," मेजरसाहेब म्हणाले.

"क्लच जळाला म्हणून आमटीच्या वाटणाचा वास येत नाही," मी म्हटलं. "पूजेच्या नारळाचे तीन तुकडे झाले होते. दोन माझ्या हाती आले. तिसरा कुठे गेला?"

"प्रसाद म्हणून मेजरसाहेबांनी घेतला," आजोबा म्हणाले.

"मला कोलेस्टेरॉल आहे. मला वाटलं उस्तादांनी."

"हम तो समझे बाबूजी ले गए."

इंजिनाच्या मागच्या कव्हरला आतलं मोठं चाक बघायचं एक भोक असतं. त्याचं झाकण पूजेच्या आदल्या दिवशी उस्तादांनी काढून "संभाल के रखना" म्हणत आजोबांना दिलं होतं, आणि आजोबांनी ते खरोखरच सांभाळून ठेवलं होतं, चष्म्याच्या डबीत. उस्तादांनी इंजिन बंद करून त्या भोकात टॉर्च मारला. पक्कडीने बाहेर आली ती करवंटी, खोबऱ्यासकट, कडेने छान खरपूस.

इंजिन पुन्हा सुरू केलं. एकसारखा धडधडाट, दुसरं काही नाही. मेजरसाहेब म्हणाले, पुढच्या बाजूला नव्हतं एवढं त्यांना आधीपासून वाटत होतं. आजोबांनी संध्याकाळी तुमच्या आईला फोनवर सांगितलं की फॉरेन बॉडी होती, ट्रेस केली.

त्याच रात्री इंजिन टेम्पोने मंडलेश्वरला गेलं आणि करवंटीची गोष्टही त्याच्याबरोबर गेली. जयंतीला आम्ही गेलो तेव्हा दुसरी नाव घाटाच्या खालच्या टोकाला सरकली होती आणि आपले नाववाले आपल्या जागेवर, पैलतीराला निघालेल्या माणसांना हाताला धरून चढवत होते. निघण्याआधी त्यांनी नारळ काढला. आजोबांनी सवयीने हात पुढे केला.

"आप तो बैठिए बाबूजी," नाववाले म्हणाले आणि इंजिनाकडे पाठ करून त्यांनी नारळ घाटाच्या पायरीवर फोडला. एक वाटी मला दिली, एक नदीला सोडायला हातात धरली. मग तुकडे पुन्हा पाहिले. दोनच होते. तेवढं बघून झाल्यावर त्यांनी हँडल मारलं.