स्वयंपाक मी करीन

विमलबाई कुणाच्याही घरात पहिल्यांदा शिरल्या की माणसांकडे बघायच्या आधी वर छताकडे बघायच्या. आमच्या घरीही तसंच झालं. उंबऱ्याच्या आत आल्या, मान वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, ते लागलं असावं.

"पडत न्हाई बाई," ते म्हणाले. "माळवद पक्कं हाय."

"माळवद नाही बघत, काजळी बघतेय." मग त्या चुलीपुढे बसलेल्या माझ्या आईकडे वळल्या. "तुम्हाला खोकला असतो ना? आणि सकाळी डोळे चिकटतात?"

आईचा खोकला आम्हा सगळ्यांना पाठ होता, पण त्याबद्दल तिला कुणी विचारलं असेल असं मला आठवत नाही.

तिसगावच्या आमच्या शाळेत मुलींसाठी गृहशास्त्र हा नवा विषय सुरू झाला होता आणि बाई घरोघर फिरून मुली गोळा करत होत्या. दादा म्हणाले, "सैपाक तर तिची आय शिकवतीया. त्याला शाळा कशापायी?"

"कसा करायचा ते आई शिकवते. तसाच का करायचा ते मी शिकवीन."

दादांना हे कितपत पटलं कोण जाणे. पण मुलींचा वर्ग, शिकवायला बाई, मुलगे शेजारी नाहीत, एवढ्यावर त्यांनी मान डोलावली. माझं आठवीच्या पुढचं शिक्षण त्या मान डोलावण्यामुळे झालं.

बाई मूळच्या नगरच्या. तिशीच्या असतील. सावळ्या, उंच, केसांचा घट्ट अंबाडा आणि पदर कायम कमरेला खोचलेला. गावात एकट्या राहायच्या, त्यामुळे त्यांच्याविषयी कुजबुज होतीच. एकदा वर्गातल्या हौसानं, माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, धीर करून विचारलं, "बाई, तुमाला मालकांनी सोडलंय व्हय?"

बाई शिलाई मशिनच्या सुईत दोरा ओवत होत्या. तो ओवून झाल्यावर म्हणाल्या, "मला कुणी सोडलं नाही. मी निघून आले. पुण्याला जाऊन शिकले आणि नोकरी धरली. आता कापड सरळ धर."

आमचा वर्ग म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची खोली. दोन स्टो, एक तराजू, बाईंचं स्वतःचं हातानं फिरवायचं शिलाई मशिन आणि भिंतीवर माणसाच्या पोटाचं चित्र. बाकीचे मास्तर त्याला 'भाकरी-क्लास' म्हणत. बाईंच्या कानावर ते गेलंच होतं. "म्हणू दे," त्या म्हणायच्या, "भाकरी खाऊनच म्हणतात ना!"

शिकवताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "का बरं?" भाजी आधी धुवायची, मग चिरायची. का बरं? डाळ भिजत घालायची. का बरं? आम्ही म्हणायचो, "आई असंच करती." त्यावर त्या म्हणायच्या, "आई करते ते बरोबरच असेल. पण सवयीनं करणारीला कुणीही गप्प बसवतं. समजून करणारीला बसवता येत नाही." हे वाक्य आम्ही तेव्हा नुसतंच ऐकलं.

मी दहावीत गेले त्या वर्षी दुष्काळ पडला. आधीचं वर्षही तसंच गेलं होतं, पण या वर्षी विहिरींचे तळ दिसले. गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं काम निघालं. दादा, आई आणि मी तिघंही तिथं जाऊ लागलो. दादा खोदायचे, आम्ही मायलेकी पाट्या उचलायचो. हौसाच्या घरचेही तिथंच कामाला होते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली त्या बांधावर होत्या.

शाळेत हेडसरांनी बाईंना सांगितलं, की यंदा गृहशास्त्राचं प्रात्यक्षिक रद्द करू, विषयच बंद करू. लोकांना खायला नाही, तिथं स्वयंपाकाची परीक्षा बरी दिसत नाही, आणि मुली तरी कुठं आहेत?

"मुली कुठं आहेत ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "परीक्षा तिथं नेते."

दुसऱ्याच दिवशी त्या बांधावर हजर. मुकादमाशी काय बोलल्या कळलं नाही, पण दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली आमचा वर्ग भरायला लागला. तेव्हा रेशनवर मिलो मिळायची. परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला विरीच, म्हणजे चिकटपणाच, नव्हता. थापायला घेतली की भाकरी चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. वरून पोरांची पोटं दुखायची. बायका रडकुंडीला आल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आपल्या परीक्षेला हाच पदार्थ."

रोज दुपारी आम्ही मिलोशी झटायचो. गार पाण्यात मळून बघितलं, कोमट पाण्यात मळून बघितलं, शेवटी उकळत्या पाण्यात. खूप पीठ वाया गेलं असं म्हणवत नाही, कारण फसलेलं सगळं आम्ही खाऊन टाकलं.

याच दिवसांत एके दुपारी दादांनी बाईंना सांगितलं, की यमुनाचं, म्हणजे माझं, लग्न ठरवतोय. उन्हाळ्यात उरकून टाकू, खाणारं एक तोंड कमी होईल. मी शेजारीच उभी होते. हौसाचं तर आधीच ठरलं होतं. बाईंनी दादांना खूप समजावलं. दादा खाली बघत म्हणाले, "तुमचं समदं खरं हाय बाई. पर तुमाला आमची परस्थिती न्हाई कळायची."

परीक्षेच्या दिवशी नगरहून परीक्षक बाई आल्या. छत्री धरून बांधावरून चालत आल्या आणि आमच्या तीन दगडांच्या चुली बघून क्षणभर थबकल्या. भोवती कामावरच्या बायका कोंडाळं करून बसल्या, त्यांच्यामागे पुरुष. माझी पाळी आली तेव्हा वारा सुटला होता. पहिली भाकरी कडेनं चिरली. आईचा हात आपसूक पुढे आला.

"थांबा," विमलबाई म्हणाल्या. "आज तिचा पेपर आहे."

मी ते पीठ मोडलं, उकळतं पाणी थोडं वाढवलं, झाकून ठेवलं, पुन्हा मळलं. दुसरी भाकरी अखंड उतरली. परीक्षक बाईंनी विचारलं, "उकळतंच पाणी का?"

"त्यानं पिठातलं सत्त्व फुगतं, चिकट होतं. मग पीठ धरून ऱ्हातं."

त्या पुढचं विचारणार, तेवढ्यात कोंडाळ्यातून एक म्हातारी म्हणाली, "अन् पोरास्नी पोटात दुखतंय, ते कशानं गं?"

मी विमलबाईंकडे बघितलं. त्या चक्क दुसरीकडे बघत होत्या.

"पीठ जाडं ऱ्हातं आजी, अन् भाकरी आतून कच्ची," मी म्हणाले. "बारीक दळा, पातळ थापा, निखाऱ्यावर पुरती भाजा." मग दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. मी बोलत होते आणि माझ्या आईच्या वयाच्या बायका ऐकत होत्या. परीक्षक बाईंनी हातातला कागद केव्हा बाजूला ठेवला ते मला कळलंच नाही. मागे खोरं टेकवून दादा उभे होते. त्या दिवसानंतर घरात माझ्या लग्नाची गोष्ट निघाली नाही.

हौसाचं लग्न मात्र झालं. बाई लग्नाला गेल्या, अक्षता टाकल्या आणि न जेवता परतल्या. वाटेत मला एवढंच म्हणाल्या, "हुशार पोर होती गं." माझ्याबद्दल त्यांनी आनंद केलेला मी कधी बघितला नाही. हौसाचं दुःख त्यांनी बरेच दिवस केलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण विषय बंद व्हायचा तो झालाच. मुली पुरेशा नाहीत, असं कारण दिलं गेलं. बाईंनी नगरला मुलींच्या शिवण आणि बालवाडी शिक्षिकेच्या वर्गात नोकरी धरली. मी तेव्हा नुकतीच अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, पास झाले होते. त्या निघाल्या त्या सकाळी दादा त्यांचं मशिन डोक्यावर घेऊन स्टँडवर गेले. एसटीच्या टपावर ते दोरीनं बांधून खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "बाई, यमीला तुमच्याकडं ठिवली तर? मास्तरीण व्हायचं म्हनती. काय वज्जं न्हाई व्हायचं तुमाला. झाडलोट करंल, सैपाक करंल, भांडी घाशील."

"नाही," बाई म्हणाल्या.

दादांचा चेहरा पडला.

"म्हणजे, ठेवा तिला. खुशाल ठेवा. पण ती शिकायला येणार असेल तर. स्वयंपाक मी करीन."

नगरच्या त्या एका खोलीत मी दोन वर्षं राहिले. संध्याकाळी बाई कामावरून यायच्या, पदर खोचायच्या आणि स्टो पेटवायच्या. मी उठायला लागले की म्हणायच्या, "पुस्तक खाली ठेवू नकोस." ताट माझ्यापुढे यायचं, वाफाळतं.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी जन्मभर मुलींना शिकवलं, संसार केला, हजारो भाकऱ्या थापल्या आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कधी कुणी मला विचारतं, की तुमच्या आयुष्यातले श्रीमंतीचे दिवस कोणते? मी सांगते, नगरचे. मी वाचत बसलेली असायचे आणि एक बाई मला गरम भाकरी वाढत असायची.