टोपणनावाखालचं गाव

"सर, तुम्ही नाव लपवलं, पन गाव काहून टाकलं जी?"

फोनवर शलाका होती. हे तिचं टोपणनाव. खरं मी इथेही सांगणार नाही; गाव आणि कामही बदलून लिहितोय. एकदा शेण खाल्लं तेवढं पुरे.

मी नागपुरात एका मराठी वेबसाइटवर कॉपी एडिटर आहे. म्हणजे लोकांनी पाठवलेले लेख तपासायचे, मथळा द्यायचा, लाइव्ह करायचे. शेवटी बायलाइन, म्हणजे लेखकाचं नाव, आणि त्याखाली परिचयाची एक ओळ. त्याआधी बरीच वर्षं पेपरात वाचकांची पत्रं लावली. तिथे नियम पक्का होता: नाव आणि गाव. गाव नसलेलं पत्र सरळ बाद. त्यामुळे नावाखाली गाव टाकताना मी विचारच करत नाही.

शलाकाने लिहिलं होतं की तिला दुसरं मूल नकोय. घरी मात्र "डॉक्टर नाही म्हणतात" असं सांगून ठेवलं होतं. नातू व्हावा म्हणून सासूबाईंनी सोमवार धरले होते. लेख इतका खरा होता की मी तिला म्हणालो, "खऱ्या नावाने द्या, वजन येईल."

"नाही सर. मले त्याच घरात राहाचं आहे."

मी ऐकलं. बायलाइन दिली, शलाका. आणि खाली सवयीने टाकलं, 'लेखिका भिवापूर येथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत.' भिवापुरात या कामात बाई एकच. मला ते ठाऊक नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नाही.

"घरी कळलं का?" मी चाचरत विचारलं.

"नणंदेनं मोबाइलवर मोठ्यानं वाचला. सासूबाई उठल्या, ताट वाढून घेतलं अन् जेवल्या. सोमवार होता, सर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर, तिच्या घराआधी मला माझी नोकरी आठवली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

ओळ लगेच काढली. तोवर स्क्रीनशॉट गावभर फिरले होते. आमच्या संपादक सुनंदाताई भडकल्या.

"दिलगिरी टाका. अन् आधी तिले दाखवा. नाहीतर पुन्हा तेच करून ठेवाल!"

मी मजकूर केला: 'एका लेखाच्या परिचयात अनवधानाने जास्तीचा तपशील गेला. आम्ही दिलगीर आहोत. – संपादक मंडळ.' व्हॉट्सअ‍ॅपवर तिला पाठवला. तिचा फोन आला.

"ती ओळ कोनं लिहिली होती?"

"मी."

"मंग खाली संपादक मंडळ काहून?"

"तशी पद्धत आहे आमच्यात."

"शलाका कोन, हे माह्या घरी सगळ्याइले माहीत झालं. ओळ कोनं टाकली, हे तुमच्या घरी माहीत आहे का?"

नव्हतं. बायकोलासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

दिलगिरी माझ्या नावाने गेली. बायकोने वाचली, आणि "त्या पोरीचं आता काय?" एवढंच विचारलं.

आता परिचयाची ओळ लेखकाला दाखवल्याशिवाय मी काहीच लाइव्ह करत नाही. शहाणपण मला आलं, त्याची किंमत तिने मोजली. शलाकाने त्यानंतर एक ओळही पाठवलेली नाही.