भजनी मंडळाने केलेली तक्रार

माझी सून डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने करते. गुलछडीच्या बांगड्या, शेवंतीचा मुकुट, कमरपट्टा. दुकान कसलं, मोबाईलवरचं पेज हेच दुकान. व्हिडिओ टाकला की बायका तिथंच विचारतात, ऑर्डर आणि पत्ता तिथंच देतात. पंचवटीपासून ओझरपर्यंत.

एका व्हिडिओखाली कुण्या मेल्यानं तिच्याबद्दल घाण लिहिलं. ती म्हणाली, सोडा हो आई, रोजचंच आहे. मला नाही सोडवलं. गुरुवारी भजनाला सगळ्यांना दाखवलं. आमच्यातल्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई म्हणाल्या, रिपोर्ट करायचं असतं, जास्त जणींनी केलं की कंपनी ऐकते. मग काय, टाळ बाजूला ठेवून चौदा जणींनी मोबाईल काढले आणि एकमेकींचं बघून बटण दाबलं.

शुक्रवारी सकाळी सून ओट्याशी उभी, चेहरा पांढराफटक. पेज बंद. पुष्कळ तक्रारी आल्या म्हणे. रविवारच्या दोन ऑर्डरींचे पत्ते आतच अडकलेले, फुलं सांगून ठेवलेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या माणसाच्या लिहिण्यावर बोट ठेवायचं सोडून आम्ही व्हिडिओवरच ठेवलं होतं.

दिवसभर तिचा मोबाईल वाजला की वाटायचं, आलीच कंपनीकडून आमची चौदा नावं. शनिवारी तिला मागच्या गल्लीतल्या बाईचा संशय आला. तीही हेच काम करते. सून तिला फोन लावायला लागली.

"तिला लावू नकोस," मी म्हणाले. "ते आम्ही केलं."

सगळं सांगितलं. तिनं फोन खाली ठेवला.

"चौदाच्या चौदा जणींनी?"

मी मान हलवली.

"मग आता चौदाही जणींना शोधायला लावा."

लावलं. लेकी, भाच्या, सोसायट्यांचे ग्रुप, सगळीकडे विचारलं, रविवारी कुणाचं डोहाळजेवण आहे का. संध्याकाळपर्यंत एक सापडली, म्हसरूळची. दुसरीचा पत्ताच लागला नाही. तरी सुनेनं रविवारी पहाटे दोन्ही सेट केले. न जाणो, फोन आला तर.

पेज अजून बंदच आहे. सून मला एका शब्दानं बोलली नाही. त्या रविवारी दुपारी मात्र मी दर थोड्या वेळानं उरलेल्या मुकुटावरचं फडकं ओलं करत होते. कुठेतरी एक सातव्या महिन्यातली पोर नटूनथटून दाराकडे बघत बसली असेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.