बिनतुपाचे मफिन

बाबांना हार्ट अटॅक आला आणि आमच्या घरातून तूप हद्दपार झालं. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. बाबा रिटायर झालेले, मी कंपनीत नोकरीला लागलेली. डॉक्टर म्हणाले, तूप-लोणी बिल्कुल बंद. आईने ते ब्रह्मवाक्य मानलं. बाबांना गोडाशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून तिने कुठल्याशा मासिकातून मफिनची कृती शोधली. लोण्याऐवजी कुस्करलेलं केळं आणि सफरचंदाचा गर. ओव्हन मी आणून दिला.

आई ते पीठ भज्यांच्या पिठासारखं फेसायची. मी चिडायचे, "अगं, नुसतं कालवायचं असतं, तू फेसतेस म्हणून ते रबर होतात!" ऐकेल तर शपथ. वर मफिन कागदाला असे चिकटायचे की अर्धे त्यालाच राहायचे. बाबा कागद दातांनी खरवडत म्हणायचे, "वा, आज शिकरण उभं राहिलंय!" शेजारच्या पंजाबी आंटींनी एक चाखला आणि म्हणाल्या, "भाभीजी, बीमार तो भाईसाहब हैं, केक को क्यों सज़ा?" आई हसली नाही. तिला नवरा जगवायचा होता.

तूप उरलं ते देवापुढच्या निरांजनापुरतं. त्याच सुमारास संध्याकाळचा दिवा लावायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. जन्मात कधी देवापुढे न बसलेला माणूस! आईला कोण आनंद. "आजारपणात का होईना, देव आठवला यांना," असं ती मावशीला फोनवर सांगायची.

एकदा ऑफिसातून लवकर आले. आई भाजीला गेली होती. बाबा देवापुढे डोळे मिटून बसले होते आणि तुपाची वाटी नाकाशी धरली होती. मला पाहून ओशाळले.

"खात नाहीये गं. नुसता वास घेतो. गरम वरणभात आठवतो. तुझ्या आईला सांगू नकोस, तिच्या जिवाला लागेल."

मी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा अटॅक आला आणि बाबा गेले. इतकं सगळं पाळूनही गेले, याचा माझा राग अजून गेलेला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर आई म्हणाली, "यांचा दिवा आता मी लावते. किती मनापासून लावायचे." मला राहवलं नाही. वाटीचं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने मफिन केले. साजूक तूप चांगलं सढळ हाताने घातलं. घरभर वास सुटला. एक मफिन घेऊन ती बाबांच्या फोटोसमोर बसली. कागद अलगद सुटून आला. "घ्या," म्हणत तिने मफिन फोटोपुढे ठेवला.

कागदाला कणही चिकटला नव्हता. तरी आई तो दातांनी खरवडत राहिली.