बसलेलं पाणी

कुठलाही नळ उघडला की आबा आधी पंजाची उलटी बाजू धारेखाली धरायचे. क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "चालतं शे." नाहीतर, "हाई पानी बसेल शे." बसलेलं, म्हणजे कित्येक दिवस न हललेलं.

जळगावच्या एका खासगी रुग्णालयात मी मेट्रन होते आणि ते प्लंबर. रोज असोद्याहून मोटरसायकलवर यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला भिंत दिसते, त्यांना भिंतीतला पाइप.

दुरुस्तीसाठी तिसरा मजला काही महिने बंद होता. मे महिन्यात खाली खाटा पुरेनात, म्हणून तो लगेच उघडायचं ठरलं. आबा वर जाऊन आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"ताई, दोन दिवस द्या. बठ्ठं, सगळंच्या सगळं पानी सोडून देऊ, टाकी घासू, औषध टाकू. पानी ना धड गरम, ना गार. कोमट पान्यातच जंतू वाढतात."

"आबा, खाली बायका व्हरांड्यात झोपल्यात. उद्याच उघडायचा."

आबा पुन्हा वर गेले आणि त्यांनी पाणी सुरू केलं. मजला उघडण्याच्या कागदावर मी सही केली.

आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जामनेरच्या अक्कांना सणकून ताप भरला. त्या मांडीचं हाड मोडलं म्हणून आल्या होत्या. संध्याकाळी धाप लागली. दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं तेच. दोघींना न्यूमोनिया. दोघींना खुर्चीवर बसवून शॉवरखाली अंघोळ घालत; डॉक्टरांना त्या शॉवरचाच संशय आला. त्याच्या बारीक तुषारांतून जंतू छातीत उतरतात म्हणाले. पाण्याचे नमुने तपासायला गेले.

मी आबांना बोलावलं. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "अक्का कशी शे?"

मजला रिकामा करून ते फरशा फोडत गेले. एका भिंतीत, जुनं न्हाणीघर काढताना टोपण लावून सोडलेला हातभर पाइप निघाला. कापला, तर आत बसलेलं पाणी आणि बुळबुळीत थर. तपासणीत त्यातच जंतू सापडले.

अक्का वाचल्या. शेजारच्या बाई नाही.

त्यानंतर आबा कामावर आलेच नाहीत. मी असोद्याला गेले. ते ओट्यावर बसले होते, गालांची हाडं वर आलेली.

"चूक माझी आबा. तुम्ही सांगितलं होतं."

"सांगं व्हतं," ते म्हणाले. "माले माहीत व्हतं, ताई. तरी पानी मीच चालू करं ना?"

सुनेने चहा आणला. तुम्हाला कुणी दोष देत नाही, हे नीट, शब्द जुळवून, पुढच्या खेपेला सांगू असं मी ठरवलं.

ती खेप झालीच नाही; पोळ्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला, आबा गेले. मी पोचले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता.