सोडलेलं पान

माझा आवाज चांगला आहे हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं आणि मी ते कधी विसरले नाही. सुरतेजवळ भेस्तानला मी ज्या मराठी शाळेत शिकवायचे तिथं झेंडावंदनाच्या सूचना, पाहुण्यांचं स्वागत, गॅदरिंगचं निवेदन, सगळं माझ्याकडे असायचं. त्यामुळे शेजारणीनं जेव्हा विचारलं, "बाई, मन्हं पुस्तक कॅसेटमा वाची देशात का?" तेव्हा मला वाटलं, हिचं नशीब थोर. पुढं माझी चांगलीच जिरली, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

ती आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून, भावाकडे राहायची. वय तिशीच्या आसपास. नववीत असताना आजारपणात तिचे डोळे गेले होते. भाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे साड्या विणायच्या कारखान्यात, कारागीर. ती घरी साड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरायचं काम करायची. साडी हातात आली की काठावरून बोट फिरवून उलटी-सुलटी बाजू ओळखायची आणि डोळस बायकांच्या आधी तिचा गठ्ठा संपायचा. मुक्त विद्यापीठाची एक पूर्वतयारीची परीक्षा तिनं कुणाकुणाकडून ऐकून पार केली होती आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. भावानं मोकळेपणानं सांगून टाकलं होतं की यंदा पहिलं वर्ष निघालं तर पुढचं बघू. नाही निघालं तर तिनं गावी, पारोळ्याकडे, थोरल्या भावाच्या घरी जायचं. तो वाईट माणूस नव्हता, दोन खोल्यांत सहा जणं होती. पण गावी तिला पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, आणि तिला त्याचीच धास्ती होती.

सुरतेतल्या प्लेगच्या वेळी गावी पळालेली माणसं परत येऊन वर्ष झालं होतं. गल्लीतली लूमची खाती पुन्हा धडधडायला लागली होती. त्या आवाजात कॅसेट भरणं अशक्य. खातं बंद असायचं ते आठवड्यातून एकच दिवस, आमच्या भागाच्या विजेच्या सुट्टीच्या दिवशी. म्हणजे शांतता असेल तेव्हा वीज नाही आणि वीज असेल तेव्हा शांतता नाही. मग आम्ही टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले. कॅसेटी नवऱ्याच्या गाण्यांच्या. वरच्या खाचांना कागदाचे बोळे कोंबून त्यावर चिकटपट्टी लावली की जुन्या कॅसेटवर नवं भरता येतं. नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी मात्र दार लावून, घशाला खडीसाखर लावून अर्थशास्त्राचे चार पाठ असे वाचले की स्वतःवरच खूश झाले. ऐकून बघितलं, ठणठणीत होतं.

आठवड्यानं तिनं मला बोलावलं. कौतुक ऐकायच्या तयारीनं मी गेले, तर तिच्या हातात एक दोरा होता, गाठींनी भरलेला. तिनं मला तिची पद्धत समजावून सांगितली. कॅसेट ऐकताना मांडीवर दोरा ठेवायचा. नीट ऐकू आलं नाही तिथं एक गाठ. ऐकू आलं पण कळलं नाही तिथं एकावर एक दोन गाठी. लूमवर तार, म्हणजे धागा, तुटला की कारागीर गाठ मारतो, ते भावाकडून शिकली होती. प्रत्येक कॅसेटचा दोरा वेगळा, कॅसेटच्याच डबीत ठेवलेला. दोऱ्यावरून बोट सरकवत ती एकेक गाठ धरायची आणि कुठलं वाक्य, काय बिघडलं, ते न अडखळता सांगायची. पहिल्या कॅसेटला एकवीस गाठी होत्या. मी मोजल्या, कारण मला विश्वास बसेना.

शेवटच्या पाठात तर एकेरी गाठींची रांगच लागली होती. तिनं वीज असताना तो पाठ लावून दाखवला. माझा तो गाजलेला आवाज हळूहळू पातळ होत गेला, मग चढत गेला, आणि शेवटी कुणी चिमणी मागणी-पुरवठा शिकवतेय असं वाटायला लागलं. वाचता वाचता सेल उतरत गेले होते, टेप सावकाश फिरली होती. मी ऐकून बघितलं तेही त्याच उतरलेल्या सेलांवर, म्हणून मला सगळं ठणठणीत वाटलं. ती पोट धरून हसली. मला हसायला थोडा वेळ लागला.

दुहेरी गाठी जास्त बोचल्या. पुस्तकात जागोजागी 'खालील तक्ता पाहा', 'शेजारच्या चौकटीत दिल्याप्रमाणे', 'ठळक अक्षरांतले शब्द लक्षात ठेवा' असं छापलेलं. मी ते सगळं जसंच्या तसं, भावपूर्ण आवाजात वाचलं होतं. ठळक अक्षर कुठलं हे आवाजातून कसं कळणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तक्ता तर मी आडवा वाचत गेले होते, नुसते आकडे, एकामागून एक. तिनं सुचवलं की आधी तक्त्यात किती रकाने आहेत आणि प्रत्येकाचं नाव काय ते सांगा, मग प्रत्येक ओळीत ते नाव पुन्हा घ्या. 'पाहा' आलं की काय पाहायचं तेही सांगा. आम्ही मास्तर लोक वर्षानुवर्षं फळ्याकडे बोट करून 'हे असं' म्हणतो, त्यातलं किती फुकट जात असेल, हे मला त्या दोऱ्यानं शिकवलं. दुसऱ्याची चूक काढायची आणि त्याला परत कामाला लावायचं, तेही त्याचं मन न मोडता, ही तिची कला होती. मला ती अजून साधलेली नाही.

पुढच्या महिन्यात ती कॅसेट पुन्हा भरली, नवे सेल घालून. दोरा परत आला तेव्हा त्यावर जेमतेम चार गाठी होत्या, पण मधेच एक फासा होता, सैल, बोट आत जाईल एवढा.

"हाई काय?" मी विचारलं.

"आठे तुम्ही काहीतरी सोडेल शे," ती म्हणाली.

मी साफ नाही म्हटलं. माझ्या आवाजाला धारही आली असणार. ती वाद घालत बसली नाही. तिनं कॅसेट लावली आणि मला डोळे मिटून ऐकायला सांगितलं. माझं वाक्य संपलं. पान उलटल्याचा आवाज आला. आणि लगेच पुन्हा पान उलटल्याचा आवाज. दोन्हींच्या मध्ये एक शब्द नाही.

सत्तेचाळीस नंबरचं पान होतं ते. त्यावर आणि समोरच्या पानावर नुसत्या मागणी वक्राच्या आकृत्या. हिला आकृती काय कामाची, असा विचार करून मी ते उलटून टाकलं होतं. वर दयाही वाटली होती, बिचारीला उगाच कशाला त्रास. मी हे सगळं तिला सांगितलं. त्यावर ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही.

"बाई, माले काय कामनं नही ते मी ठरवसू. तुम्ही फक्त सांगत जा, काय शे ते."

कान धरून उठाबशा काढाव्यात असं वाटलं. वर्गात मी मुलांना ओरडायचे, न विचारता दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करू नका म्हणून, आणि इथं मी एका बाईच्या अख्ख्या पुस्तकातून पान काढून घेतलं होतं.

आकृती आवाजात मावत नाही, म्हणून आम्ही साडीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. उभी रेघ आणि आडवी रेघ सुतळीची, वक्र जाड दोऱ्याचा, टाके घालून घट्ट बसवलेला. उभीवर किंमत, आडवीवर नग. तिनं दोऱ्यावरून एकदाच बोट नेलं, डावीकडून उजवीकडे, आणि म्हणाली की भाव चढला की गिऱ्हाईक उतरतं, एवढंच सांगायला यांनी अख्खं पान घेतलं होय. वर्गात तासभर लागायचा मला हे समजवायला. मग आम्ही पुस्तकातल्या सगळ्याच आकृत्या पुठ्ठ्यावर घेतल्या. बाकीच्या विषयांच्या कॅसेटीही मी एकेक करून भरल्या, इंग्रजीची सगळ्यात शेवटी.

परीक्षेला तिला लेखनिक हवा होता. नियम असा की लेखनिक तिच्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. चाळीत अक्षर चांगलं आणि शिक्षण कमी असा माणूस शोधता शोधता आम्ही माझ्याच घरात पोचलो. माझा नवरा आठवी झालेला, लूमवर जॉबर, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा. गाणी पुसली म्हणून रुसलेला हाच तो. अर्थशास्त्राच्या पेपरासाठी त्यानं खाडा केला आणि इस्तरीचा शर्ट घातला. उधन्याहून पॅसेंजर धरून आम्ही तिघं महाराष्ट्रात, नंदुरबारला, परीक्षा केंद्रावर गेलो. ते दोघं आत, मी बाहेर कडुनिंबाखाली. मनातल्या मनात सगळे पाठ म्हणत बसले, जसा काही पेपर माझाच होता.

तीन तासांनी नवरा घामाघूम होऊन बाहेर आला. पेपरात मागणी वक्राची आकृती काढायला सांगितली होती. ती चार बोटं वर, चार बोटं आडवं असं सांगत गेली आणि हा काढत गेला. पेन दाबून चालवायला तिनं आधीच बजावलं होतं. रेघ काढून झाली की ती कागदावरचा ठसा बोटानं चाचपून बघायची. ह्यानं वक्र चढता काढला होता.

"तिन्ही माले ती आकृती परत काढाले लावी," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मग रस्त्याकडेच्या मातीत त्यानं काडीनं ती पुन्हा काढून मला दाखवली आणि हे नक्की कशाचं चित्र आहे, असं विचारलं. ते हुबेहूब सत्तेचाळिसावं पान होतं. ती मागं उभी होती. "बरोबर शे ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

निकालाचा कागद पोस्टानं आला तो ती माझ्याकडेच घेऊन आली. भाऊ दारात उभा. मी लिफाफा फोडला आणि माझी नजर सरळ खाली पळाली, पास शब्द शोधायला. तो होता. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "वरतून वाचा. सगळं." मी वरून वाचलं. विद्यापीठाचं नाव, बैठक क्रमांक, तिचं नाव, मग एकेक विषय. मराठी. समाजशास्त्र. अर्थशास्त्र, एकसष्ट. भावानं डोळे पुसले. पुढच्या ओळीला मी थांबले. एवढा आनंद झालाय, हे आत्ता कशाला, असं वाटलं.

"थांबनात," ती म्हणाली. "काय शे तठे?"

"इंग्रजी, पस्तीस," मी वाचलं. "काठावर." मग निकाल, पास. मग खालचा गोल शिक्का, थोडा पुसट, आणि त्यावरची सही, तेही सांगितलं.

ती हसत होती आणि रडतही होती. भाऊ पेढे आणायला निघाला. तिनं मात्र डब्यातून इंग्रजीच्या कॅसेटचा दोरा काढला आणि टोकापासून टोकापर्यंत बोट नेलं. कोरा होता, एकही गाठ नाही. इंग्रजीत बाई चुकणार नाहीत असं समजून आपण ती कॅसेट तपासलीच नाही, असं तिनं कबूल केलं. गाडी दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांवर जायच्या आधी तिला ती कॅसेट पुन्हा ऐकायची होती, माझ्यासोबत, आजच. गल्लीत लूम धडधडत होते. मी टेप तिच्या कानाजवळ सरकवला आणि तिनं दोरा मांडीवर घेतला.