कार्डाबाहेरचं

२१ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी सहाला जेवणाचं टेबल पुसून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका मांडल्या आणि बेरजा करायला बसले. त्याच दिवशी मुलुंडच्या आमच्या कॉलेजात संवादकौशल्याची प्रात्यक्षिक परीक्षा झाली होती. हा विषय मी बरीच वर्षं शिकवते. रुग्णासमोर बसून बोलायचं, त्याला मध्येच तोडायचं नाही, वाईट बातमी सांगण्याआधी 'सोबत कोण आहे?' हे विचारायचं.

या परीक्षेला खोटा रुग्ण लागतो. आमच्याकडे ते काम वॉर्डातली एक मावशी करते. मूळची मालवणकडची, पन्नाशी ओलांडलेली, चादरी आणि बेडपॅन बघणारी. मी कार्ड लिहून देते, ती पाठ करते. या वेळच्या कार्डावर होतं: नुकताच मधुमेह निघालाय, इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला घाबरते. परीक्षेच्या मुलीने समजूत घालायची, मग बाहेर येऊन रुग्ण काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

सकाळी चहाच्या सुट्टीत परीक्षक ट्यूटर तक्रार घेऊन आली. "मॅडम, मावशी भलतंच बोलतायत. कार्डाबाहेरचं."

मावशी तिथेच बसली होती. मी विचारलं, "कार्ड पाठ आहे ना?"

"पाठ आहे की. पण खरी पेशंट कधी एकच दुखणं सांगते काय?"

"हिला सिरीयलमध्ये घ्या," ट्यूटर म्हणाली. आम्ही हसलो. मावशीही हसली.

"आज सिरीयल नको," मी म्हटलं. "पोरींचे मार्क जातात. कार्डावर आहे तेवढंच बोला."

"बरं," म्हणाली आणि कप विसळायला उठली.

उत्तरपत्रिका मुली ज्या क्रमाने आत गेल्या त्याच क्रमाने लावलेल्या होत्या. पहिल्या तिघींनी सुईची भीती लिहिली होती. चौथीने त्या भीतीच्या जोडीला लिहिलं होतं, 'कंबर भरून येते.' सहावीने, 'पाळी जाऊन पाच वर्षं झाली, आता परत अंगावरून जातंय.' मी बेरीज केली, पान उलटलं. आठवी: 'दिवाळीपासून जातंय.' नववी: 'घरात सांगितलं नाही. सुनेला कसं सांगू?'

तिथे पेन खाली ठेवलं आणि आधीची पानं पुन्हा वाचली.

गुणांचा तक्ता मीच बनवलेला आहे. त्यात एक ओळ आहे: 'रुग्ण विषय सोडून बोलू लागल्यास त्याला नम्रपणे मूळ विषयाकडे आणले.' दोन गुण. या सगळ्यांना दोनपैकी दोन मिळाले होते. एकीने तर स्वतःचं वाक्यही लिहून ठेवलं होतं: 'मावशी, ते नंतर बोलू हं, आधी इन्सुलिनचं बघूया.' मी शिकवलं होतं अगदी तसंच.

दहावीला त्या ओळीत शून्य होतं. शेरा: वेळ संपली, विषय अपूर्ण. खाली तिचं अक्षर: 'मी विचारलं, हे कार्डावरचं आहे की तुमचं? त्या म्हणाल्या, कार्डावरचंच समज गो बाय.'

दहावीनंतर चहाची सुट्टी झाली होती. अकरावीपासून शेवटपर्यंत सगळ्या पत्रिकांत फक्त सुईची भीती.

शून्य तसंच ठेवलं. त्याचं नंतर बघता येईल. मावशीला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

"मावशी, दिवाळीपासून?"

टीव्हीचा आवाज लांब गेला. ती दाराबाहेर आली असावी.

"तुम्हीच म्हणालात ना, कार्डावर आहे तेवढंच बोला."

"आता बोला. किती जातंय?"

"आधी नुसता डाग. आता दोन दोन कपडे लागतात. वासपण येतो."

"वॉर्डात एवढ्या डॉक्टर बाया आहेत. एकीला तरी सांगायचं."

"आपल्या हॉस्पिटलात नको. केसपेपर काढला की दुपारपर्यंत लिफ्टवाल्याला कळतं. मी स्वतः किती जणींचं सांगितलंय."

"मग घाटकोपरच्या हॉस्पिटलात जाऊ. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. उद्या साडेसातला, कॉलेजच्या फाटकापाशी."

"आणि हजेरी?"

"ती मी बघते."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तसलं काय नसेल ना, मॅडम?"

माहीत नसेल तेव्हा 'काही नसेल' म्हणायचं नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. "साडेसातला या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सातलाच फाटकापाशी उभी होती, इस्त्रीची साडी नेसून, जणू परीक्षाच आहे. आम्ही रिक्षा केली. वाटेत ती भांडुपला भाजी किती महाग झाली ते बोलत होती, मी हो हो करत होते. हॉस्पिटलच्या खिडकीवर केसपेपर काढताना आतल्या माणसाने विचारलं, "काय होतंय?" मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनेच सांगितलं, हळू पण सगळं, आणि त्याने न बघता लिहून घेतलं.

तिचा नंबर नवाच्या सुमारास लागला. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. इतर बाया पाच-पाच मिनिटांत बाहेर येत होत्या. ती येईना. मध्ये एक सिस्टर मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन गेली. मग तरुण डॉक्टर मुलगी दारात आली, बाकावरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि अगदी नम्रपणे मावशीचं नाव घेऊन म्हणाली, "यांच्यासोबत कोण आहे?"

मी पिशवी उचलली आणि आत गेले.